रात्रपाळी खरंच अंगवळणी पडते का? घरातलं आणि वर्गातलं थोडं मोजमाप



आमची जिल्हा परिषदेची शाळा एमआयडीसीच्या कडेला आहे. माझ्या चौथीच्या वर्गात २६ मुलं. त्यातल्या ११ जणांच्या घरी कोणी ना कोणी रात्रपाळी करतं. कोणाचे वडील कंपनीत, कोणाची आई दवाखान्यात, कोणाचा मामा वॉचमन. मागच्या वर्षी परिसर अभ्यासात दिवस-रात्र शिकवत होते. पृथ्वीचा गोल, बॅटरीचा उजेड, नेहमीचंच. तेव्हा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या पप्पांची रात्र दिवसा असते." सगळी हसली. तो मात्र गंभीर होता. त्याचं पुढचं वाक्य असं होतं, "पण त्यांच्या पोटाला ते कळत नाही. रात्री डबा खाल्ला की त्यांना त्रास होतो."

चौथीतल्या पोराने एका वाक्यात केवढा मोठा विषय मांडला बघा. माणूस पाळी बदलतो, पण शरीराला ते कळतं का? आणि कळलं की नाही, हे मोजायचं कसं?

मला या प्रश्नात रस असण्याचं कारण घरचंच आहे. माझे मिस्टर गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहेत. दर आठवड्याला पाळी बदलते: फर्स्ट, सेकंड, नाईट. नाईट म्हणजे रात्री ११ ते सकाळी ७. सात वर्षं हेच चाललंय. गेल्या पावसाळ्यात सुपरवायझरने त्यांना विचारलं, कायमची नाईट घेता का? महिन्याला दोन-अडीच हजार जास्त मिळतील. घरावर कर्ज आहे, मुलगी दुसरीत आहे, दोन-अडीच हजार कमी नाहीत. आणि यांचं म्हणणं तसं बिनबुडाचं नव्हतं. "दर आठवड्याला बदलण्यापेक्षा एकच पाळी बरी. महिनाभर त्रास होईल, मग एकदाचं अंगवळणी पडेल."

अंगवळणी पडणं हा आपल्या भाषेतला फार चांगला शब्द आहे. अंगाला वळण लागणं. पण रात्रपाळीच्या बाबतीत नेमका इथेच घोळ आहे. माणूस वळतो, त्याचं वेळापत्रक वळतं, जेवणाचा डबा वळतो; अंग वळलं का, हे वेगळं तपासावं लागतं. नुसतं विचारून ते कळत नाही. "सवय झाली का?" असं विचारलं तर दहा वर्षं नाईट करणारा प्रत्येक माणूस "झाली की" असंच म्हणतो. त्याला सवय झालेली असते ती झोप येत असताना काम करण्याची.

तर आधी हे घड्याळ काय आहे ते थोडक्यात. वर्गात मी सुरुवात झाडापासून करते, कारण मुलांना ते लगेच पटतं. चिंचेची पानं संध्याकाळी मिटतात हे खेड्यातल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. सूर्य मावळला म्हणून मिटली, असं वाटतं. १७२९ मध्ये द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचं एक रोप अंधारात ठेवून पाहिलं. आत उजेडच नाही. तरीही पानं सकाळी उघडत होती आणि संध्याकाळी मिटत होती. म्हणजे रोपाला बाहेरून कोणी वेळ सांगत नव्हतं, वेळ आतच होती. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं हे शोधायला पुढे जवळजवळ अडीचशे वर्षं गेली. केळ्यांवर घोंघावतात ना ती चिलटं, त्यांच्यावर हे काम झालं, आणि २०१७ चं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना त्यासाठीच मिळालं.

माणसाचं मुख्य घड्याळ मेंदूत असतं. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरासं वर, साधारण २० हजार पेशींचा छोटासा पुंजका. बहुतेकांचं हे घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित मागे पडणारं असतं, रोज काही मिनिटं. आपण आपलं भिंतीवरचं घड्याळ रेडिओवरच्या वेळेशी जुळवायचो तसं हे रोज जुळवावं लागतं, आणि जुळवण्याचं काम करतो डोळ्यांत जाणारा उजेड. रात्री उशिरा उजेड मिळाला तर काटे मागे सरकतात, सकाळी मिळाला तर पुढे. रात्रपाळीवाल्याची गोची इथेच होते. कारखान्यातला उजेड साधारण काही शे लक्स असतो. सकाळी सातला सुटून बाहेर पडला की डोळ्यांवर येतं ऊन, म्हणजे हजारो लक्स. रात्रभर आतल्या दिव्यांनी घड्याळ थोडंफार ढकललेलं असतं, ते घरी येताना सूर्य परत जागेवर आणून ठेवतो.

बरं, घड्याळ मेंदूत. त्याचे काटे दिसत नाहीत. मग पाहायचं कुठे? काटे ज्या गोष्टी फिरवतात, त्या मोजायच्या. सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे शरीराचं तापमान. आपण म्हणतो माणसाचं तापमान ९८.६. ते दिवसभर एकच नसतं. संध्याकाळी ते सगळ्यात वर असतं आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली. फरक एक-दीड अंश फॅरनहाइटचा, पण रोज ठरलेला. हा जो पहाटेचा तळ आहे, तो घड्याळाचा काटा समजायचा. माणूस रात्रपाळीला खरोखर सरावला असेल तर हा तळ पहाटेवरून सरकून त्याच्या दिवसाच्या झोपेत, म्हणजे दुपारच्या आसपास, गेला पाहिजे. सरकला नसेल तर सराव झालेला नाही, मग तोंडाने काहीही म्हणा.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत बेनेडिक्ट नावाच्या शास्त्रज्ञाने रात्री काम करणाऱ्यांच्या तापमानावर १९०४ मध्ये निबंध लिहिला होता. दिनक्रम उलटा केला म्हणून तापमानाचा आलेख काही उलटा झाला नव्हता. मला या गोष्टीचं नवल वाटतं. म्हणजे विजेचे दिवे नुकते कारखान्यात आले, रात्रपाळ्या वाढल्या, आणि लगेच कोणाला तरी हे मोजावंसं वाटलं. आपण एकशेवीस वर्षांनी अजून "सवय होते हो" म्हणतोय.

१९३८ मध्ये शिकागोचे क्लाइटमन आणि त्यांचा विद्यार्थी रिचर्डसन केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिले. तिथे ऊन नाही, दिवस-रात्र नाही, गारवा कायम सारखा. त्यांनी २४ ऐवजी २८ तासांचा दिवस करून पाहिला. तरुण रिचर्डसनचं तापमान नव्या दिवसाबरोबर चालू लागलं. चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमनचं मात्र शेवटपर्यंत २४ तासांनीच वर-खाली होत राहिलं. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं विचारतात, "मग ते जागे असायचे तेव्हा शरीर झोपेत?" हो, काही दिवस अगदी तसंच. आमच्या बऱ्याच पालकांचं दर नाईटच्या आठवड्यात होतं तसंच.

तापमानात एक अडचण आहे. ते घड्याळाने बदलतं तसं चालण्याने, जेवणाने, गरम चहाने, झोपण्यानेही बदलतं. माणूस मशीनवर उभा असेल तर तापमान थोडं वर राहतं आणि खरा तळ झाकला जातो. म्हणून प्रयोगशाळेत एक कडक पद्धत वापरतात. माणसाला एक दिवसाहून जास्त वेळ पलंगावर टेकून, जागं, मंद उजेडात ठेवायचं आणि तासातासाला सारखाच थोडासा खाऊ द्यायचा. म्हणजे बाकी सगळं सारखं, जे बदलेल ते घड्याळामुळे. आपण विज्ञानाच्या तासाला "एकच गोष्ट बदला, बाकी तशाच ठेवा" म्हणतो ना, तेच.

दुसरा काटा मेलाटोनिनचा. अंधार पडल्यावर मेंदूतली एक छोटी ग्रंथी हा रस सोडते, साधारण झोपेच्या दोन-तीन तास आधीपासून. मंद उजेडात बसून अर्ध्या-अर्ध्या तासाने लाळेचे नमुने घेतले की तो नेमका केव्हा वाढायला लागला ते कळतं. सध्या घड्याळ मोजायची सगळ्यात भरवशाची रीत हीच मानतात. पण कामावरच्या माणसाला दर अर्ध्या तासाने लाळ कोण मागणार? म्हणून कामगारांच्या अभ्यासात लघवी गोळा करतात. मेलाटोनिन शरीरात मोडल्यावर जो पदार्थ होतो तो लघवीत येतो. काही-काही तासांची लघवी वेगवेगळी ठेवली की चढ-उतार दिसतो. इंग्लंडच्या जोसेफिन आरेंट यांनी याच मार्गाने उत्तर समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवरचे कामगार आणि अंटार्क्टिकातल्या तळावरचे लोक यांची घड्याळं मोजली.

आता आमच्या घरी परत येते. आमच्याकडे प्रयोगशाळा नाही. एक डिजिटल थर्मामीटर आहे आणि मुलीची चौकटीची वही. मी यांना म्हटलं, "अहो, हो-नाही सांगायच्या आधी एक आठवडा मोजू या." नियम असे ठरवले: पाच मिनिटं बसल्यावर, चहा किंवा जेवणानंतर अर्धा तास गेल्यावर, जिभेखाली थर्मामीटर. वेळा: संध्याकाळी ६, रात्री ९, १, ४ आणि सकाळी ७. झोपेत असताना मोजायचं नाही, झोप मोडून मोजण्यात काय अर्थ. शेजारी दुसरा रकाना झोपेचा. कॅरोलिन्स्का नावाची एक मोजपट्टी असते, १ म्हणजे एकदम टक्क जागा आणि ९ म्हणजे डोळे उघडे ठेवायलाच झगडावं लागतंय. आपल्याला जो आकडा वाटेल तो लिहायचा. डब्याच्या पिशवीत थर्मामीटर बघून कंपनीतल्या लोकांनी यांना तीन दिवस पिडलं. कोणी विचारायचं ताप आलाय का, कोणी विचारायचं वहिनींनी लावलंय का मागे. दोन्हीला उत्तर नाही.

पहिल्या रात्री: सहा वाजता ९८.४, नऊला ९८.३, एकला ९७.८, चारला ९७.१, सातला ९७.३. झोपेचा आकडा चार वाजता ८.

सहाव्या रात्री: ९८.४, ९८.३, ९८.०, ९७.४, आणि सातला ९७.२. चार वाजता ७, सात वाजता ८.

एका माणसाचं घरगुती मोजमाप आहे हे, यावरून शास्त्र होत नाही. मशीनवरचं काम आणि मधलं जेवण यांचा परिणाम आत मिसळलेला आहेच. पण चौकटीच्या वहीत ठिपके जोडले तेव्हा गोष्ट डोळ्यांना दिसली. तळ थोडा सरकला होता. पहाटे चारच्या जवळ होता तो सकाळी सातकडे आला होता, इतकंच. दुपारपर्यंत जायला अजून कितीतरी अंतर होतं आणि आठवडा संपला होता. गणिताच्या भाषेत सांगायचं तर असं: घड्याळ आपणहून दिवसाला साधारण तासभर सरकतं. पहाटे चारचा तळ दुपारी बारापर्यंत न्यायचा तर आठ तास, म्हणजे आठ दिवस. नाईटच्या रात्री सहा. रविवारी सगळं घर दिवसाचं, पाहुणे, बाजार, ऊन. सोमवारी पाळी बदलली. हे उदाहरण मी पुढे वर्गात दिलं आणि चौथीच्या मुलांनी उत्तर बरोबर काढलं: "मॅडम, पोचतच नाही."

पण माझं लक्ष तळापेक्षा दुसऱ्या रकान्यावर गेलं. सहाव्या रात्रीनंतर सकाळी सात वाजता ८. सात वाजता हे मोटारसायकलला किक मारतात. घर २२ किलोमीटर. हायवेचा तुकडा आहे मध्ये. सात वर्षं "काही नाही होत, सवय आहे" हे ऐकत आले होते. तो ८ मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता. आम्ही त्यावर फार बोललो नाही. पुढच्या नाईटपासून हे कंपनीच्या बसने येऊ लागले. बस गावागावांतून फिरते, घरी यायला आठच्या ऐवजी पावणेनऊ होतात. पावणेनऊ तर पावणेनऊ.

राहिला प्रश्न कायमच्या नाईटचा. एका आठवड्यात घड्याळ वळत नाही हे मान्य, पण वर्षभर रोज नाईट केली तर? हे यांचं म्हणणं होतं आणि ते तपासण्यासारखंच होतं. सुदैवाने ते कोणीतरी आधीच तपासलंय. सायमन फोकार्ड यांनी २००८ मध्ये, कायम रात्रपाळी करणाऱ्यांचं मेलाटोनिन मोजलेले त्यावेळचे अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्यांचं घड्याळ पूर्ण वळलं होतं असे कामगार शंभरात तीनसुद्धा नव्हते. ज्यांना काही फायदा व्हावा इतपत वळलं होतं असे चारातला एकही नाही. कायम रात्री काम करणारी ही माणसं होती, आमच्यासारखी आठवड्याला बदलणारी नव्हेत.

मग तेलाच्या फलाटावरच्या लोकांचं काय? तिथे मात्र संध्याकाळी ६ ते सकाळी ६ अशी पाळी दोन आठवडे सलग करणाऱ्यांचं घड्याळ आठवडाभरात वळलेलं दिसलं. का? विचार केला की कळतं. तिथे घरी जाताना ऊन लागत नाही, कारण घरीच जायचं नसतं. झोपायची खोली आतच, खिडकीला अंधार. बाजार नाही, लग्न नाही, मुलांची शाळा नाही, रविवारही नाही. सगळं जग त्यांच्या पाळीबरोबर चालतं. घरी परतल्यावर त्यांचं घड्याळ पुन्हा उलटं फिरायला दिवस लागतात, तो त्रास वेगळाच.

उजेड आणि अंधार नीट वापरला तर घड्याळ वळवता येतं, हे बॉस्टनच्या चाइस्लर यांनी १९९० मध्ये दाखवलं. रात्री कामाच्या वेळी ७ ते १२ हजार लक्सचा प्रखर उजेड आणि सकाळी ९ ते ५ पूर्ण अंधारी खोली. आठवडाभरातच तापमानाचा तळ दुपारी तीनच्या आसपास पोचला. साध्या खोलीतल्या उजेडात काम केलेल्यांचा तळ पहाटे साडेतीनलाच होता. प्रयोग सुंदर आहे. पण इतका उजेड आपल्या कुठल्या कारखान्यात आहे, आणि दिवसा पूर्ण अंधार असलेली खोली कुठल्या चाळीत?

शिकागोच्या शार्मेन ईस्टमन यांनी मधला मार्ग सुचवलाय, तो मला जास्त व्यवहारी वाटतो. तळ पूर्ण दुपारपर्यंत नेऊ नका, सकाळी दहाच्या सुमारास आणून ठेवा. म्हणजे सकाळी साडेआठला झोपलं की तो झोपेत येतो, आणि सुट्टीच्या दिवशी रात्री तीनला झोपून दुपारी उठलं तरी तो झोपेतच राहतो. घरी येताना काळा चष्मा, खोलीत अंधार. पण यात सुट्टीच्या दिवशीही रात्री तीनपर्यंत जागायचं आहे. हे यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे रविवारी सकाळी पोरीबरोबर पोहायला जाणं बंद." कायमची नाईट आम्ही घेतली नाही. दुसरं कोणी घेईल, त्याची घरची गणितं वेगळी असतील, तो चुकीचा असं मी म्हणणार नाही. आठवड्याला बदलणारी पाळी चांगली आहे असंही नाही. दोन वाईटातलं एक निवडलं.

बाकी जे जमलं ते केलं. खिडकीला जाड काळं कापड, दिवसा बेल बंद, फोन दुसऱ्या खोलीत. नाईटला निघायच्या आधी संध्याकाळी तासभर झोप, तिचा उपयोग सगळ्यात जास्त झाला. चहा रात्री दोननंतर नाही. बसमध्ये काळा गॉगल, त्यावरून अर्थातच "हिरो" हे नाव पडलं. मोटारसायकलवर असताना डोळ्यांवर झोप आणि त्यावर काळा चष्मा हे मी कोणालाच सांगणार नाही, आधी बस, मग चष्मा.

आता वर्गातलं. थर्मामीटर वर्गात आणण्याच्या मी विरुद्ध आहे, तोंडात एकाचं एक घालणं बरं नाही. पण एक सोपं मोजमाप मुलांकडून करून घेता येतं, ते इथे सविस्तर देते. चौकटीच्या कागदाची २४ चौकोनांची पट्टी कापायची, एक चौकोन म्हणजे एक तास. पहिला चौकोन दुपारी बारापासून धरायचा, म्हणजे रात्र पट्टीच्या मधोमध येते. घरातल्या प्रत्येकासाठी एक पट्टी. झोपलेले तास काळे करायचे, जागे तास पांढरे. अर्धा तास असेल तर अर्धा चौकोन. सात दिवस सात पट्ट्या, एकाखाली एक चिकटवायच्या. ज्यांना घरचं द्यायचं नसेल त्यांनी फक्त स्वतःची द्यायची, नावं कुठेच लिहायची नाहीत. संशोधक झोपेची नोंदवही ठेवतात तिचंच हे चौथीतलं रूप.

पट्ट्या भिंतीवर लावल्या आणि आम्ही सगळेच बघत राहिलो. आजोबांची काळी पट्टी नऊला सुरू होऊन चारला संपलेली, दुपारी एक छोटा ठिपका. घरात दोन महिन्यांचं बाळ असलेल्या मुलीने बाळाची पट्टी आणली होती, बुद्धिबळाच्या पटासारखी. तान्ह्या बाळाचं घड्याळ बसायला पहिले दोन-तीन महिने जातात, हे त्या पट्टीवर आयतं शिकवून झालं. रात्रपाळीच्या वडिलांचा काळा पट्टा एका टोकाला सरकलेला. तो मात्र सात-आठ चौकोनांचा नाही, बहुतेकांचा पाच. दिवसा झोपलेला माणूस लवकर जागा होतो, कारण तापमान चढायला लागलेलं असतं आणि अंग त्याला उठवतं. "झोप का नाही पूर्ण करत?" असं घरचे रागावतात. त्याच्या हातात नसतं ते.

आणि एक पट्टी आईची होती. ती एका दवाखान्यात रात्री काम करते. सकाळी आल्यावर स्वयंपाक, मुलांचे डबे, मग दीड चौकोन काळा. पाणी यायची वेळ म्हणून दोन पांढरे. मग दोन काळे. मुलं घरी यायची वेळ. संध्याकाळी एक काळा. सात दिवस तसंच. वडिलांची नाईट आणि आईची नाईट यात फरक असतो हे मी कुठल्या लेखात वाचलं नव्हतं, ते या मुलीने काळ्या पेन्सिलीने काढून आणलं. मी काही न बोलता मुलांना बेरीज करायला लावली. साडेचार. एक मुलगा म्हणाला, "तुकडे जोडले तरी कमीच होतात."

एका मुलाने सांगितलं की तो पाढे मनातल्या मनात म्हणतो, कारण पप्पा झोपलेले असतात आणि खोली एकच. त्या मुलाचा आवाज वर्गातही बारीक येतो, त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं. आता अशा पाच-सहा जणांसाठी शाळा सुटल्यावर अर्धा तास वर्ग उघडा ठेवते. मोठ्याने वाचायचं, पाढे ओरडायचे. शेजारच्या वर्गाच्या सरांनी एकदा येऊन बघितलं काय गोंधळ आहे, आणि तेही थांबले.

पालकसभा सगळीकडे सकाळी अकराला असते. नाईट करून आलेल्यासाठी अकरा म्हणजे तुमच्या-माझ्या रात्रीचे दोन. "पालक येतच नाहीत, त्यांना पडलेलीच नसते" असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं, त्यावर माझं एवढंच म्हणणं आहे. आम्ही मुख्याध्यापकांना विचारून सभा संध्याकाळी साडेपाचला घेतली. २६ पैकी १९ घरांतून कोणी ना कोणी आलं, आणि ज्यांना आजवर पाहिलंच नव्हतं असे चार वडील आले. अंघोळ करून, डबा घेऊन, तिथूनच कामावर जाणारे. भिंतीवरच्या पट्ट्या त्यांनी नीट वाचल्या. एकाने आपली पट्टी ओळखली आणि मुलाला विचारलं, "हे मी?"

घरी आमच्या मुलीनेही हा खेळ उचललाय. फ्रिजवर तिच्या पट्ट्या लागतात. या आठवड्यात यांची सेकंड आहे, म्हणजे अकराला सुटून घरी यायला बारा. तिने स्वतःची पट्टी रात्री साडेनऊपासून सकाळी साडेसहापर्यंत काळी केली आणि मध्ये बाराचा चौकोन अर्धा पांढरा ठेवला. मला वाटलं रंगवायचा राहिला. म्हणाली, "नाही गं, तेव्हा पप्पा गेट उघडतात. मी जागी असते, तुम्हाला माहीत नसतं."